जावईबापूंचा टर्बो

यशवंतराव खासनीसांनी नोकरीची सगळी वर्षं आयुर्विम्याच्या कचेरीत, दावे विभागात काढली होती. या खात्यातल्या माणसाला जग जरा वेगळं दिसतं. चारचौघांना जिना दिसतो, त्याला जिन्याची सुटलेली पट्टी दिसते. चारचौघांना गीझर दिसतो, त्याला गीझर आणि मागे राहिलेली बायको दिसते. निवृत्त होताना ही नजर कचेरीत जमा करून यायची सोय नसल्यामुळे ते ती घरी पुण्याला घेऊन आले, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी निघाले तेव्हा जर्मनीलाही घेऊन आले. विमानतळावर कस्टमवाल्यांनी मालिनीबाईंच्या पिशवीतले डिंकाचे लाडू हुंगून पाहिले. यशवंतरावांच्या नजरेकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

लेक उर्जा त्यांना घ्यायला आली होती. दिवस भरत आले होते, तरी चालणं तुरुतुरु. सामान ट्रॉलीवर चढवता चढवता तिने बापाला बाजूला घेतलं.

"बाबा, एक गोष्ट कबूल करा. सिद्धेशला सूचना करायच्या नाहीत."

"मी कधी करतो?"

"मागच्या वेळी ड्रिल मशिन कसं धरायचं ते सांगितलंत. तुम्ही परत जाईपर्यंत तो धड जेवला नाही."

"अगं, त्याने ते उलटं—"

"बाबा."

"बरं. कबूल."

"जावयाला बोलायचंच नसतं मुळी," मालिनीबाई मागून म्हणाल्या. त्यांच्या माहेरी जावई चुकून विहिरीकडे चालत निघाला असता तरी त्याला 'जपून हं' म्हणण्याआधी पाट मांडला असता.

उर्जा आणि सिद्धेश राहायचे ते गाव त्सुफेनहाउझेन नावाच्या उपनगराहून थोडं पुढे, द्राक्षांच्या मळ्यांच्या उतारावर होतं. घर भाड्याचं, नीटनेटकं, शेजारी एक गॅरेज. पोचल्यावर चहासुद्धा होऊ न देता सिद्धेश सासऱ्यांना गॅरेजकडे घेऊन गेला. शटर वर सरकलं. आत एक गाडी होती. काळी, लांब, बसकी. पाहुणे दाराशी आले तरी लोडावरून न उठणाऱ्या माणसासारखी ती तिथे पसरली होती.

"अमेरिकन मसल कार, बाबा. आठ सिलिंडर. माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे."

"वा," यशवंतराव म्हणाले. गाडीला दोनच दारं होती. मागे बसलेल्या माणसाला बाहेर पडायचं तर पुढच्याने आधी उतरून आपली सीट वाकवायला हवी, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. कबूल केल्याप्रमाणे ते त्यांनी आपल्यापाशीच ठेवलं.

"आणि हे," सिद्धेशने कोपऱ्यातल्या खोक्यांवर हात ठेवला, "टर्बो किट. मीच बसवणार. इथेच. बाळ यायच्या आत."

सिद्धेश मोटारींच्याच धंद्यातला होता, पण तसा दुरून. एका कंपनीत तो गाडीची सीट गरम करणाऱ्या बटणाचं सॉफ्टवेअर लिहायचा. बटणातला दिवा पिवळा असावा की नारंगी, यावर ड्युसेलडॉर्फच्या आणि बर्लिनच्या मंडळींत एक अख्खा हिवाळा चर्चा चालली होती आणि निर्णय पुढच्या हिवाळ्यावर गेला होता. पाना हातात धरायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"ऑफिसात एक ओळ बदलायची तर अकरा जणांची मंजुरी लागते, बाबा. इथे कोणाला विचारायचं नाही. सगळं माझ्या एकट्याच्या डोक्याने."

हे वाक्य यशवंतरावांना फार ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलंय ते आठवेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं. ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. एका विधवेच्या जबानीत.

*

पुढचे सगळे शनिवार गॅरेजात गेले. रविवारी ठोकाठोकी करायची नाही असा तिथला कायदा, त्यामुळे शनिवारी दुप्पट ठोकाठोकी. यशवंतराव कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर कॉफीचा मग घेऊन बसत. सूचना करायला बंदी होती, बसायला नव्हती.

काम व्हिडिओ बघून चाललं होतं. व्हिडिओत एक अमेरिकन गृहस्थ तसंच किट तशाच गाडीला बसवत होता आणि फार हसतमुख होता. यशवंतरावांना त्याच्या चेहऱ्यात काहीतरी कमी वाटायचं. दुसऱ्या शनिवारी उलगडा झाला. त्याला भुवया नव्हत्या.

"सिद्धेशराव, या गृहस्थांच्या भुवया—"

"हो ना, बाबा, पण नॉलेज बघा."

सिद्धेशला समजावून सांगायची मात्र हौस होती, आणि सासऱ्याइतका गप्प श्रोता त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. इंजिनाचा गरम धूर बाहेर फेकला जातो, त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, तो पंखा दुसरा पंखा फिरवतो आणि दुसरा पंखा इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. "आल्झो, म्हणजे तसं साधं आहे," तो म्हणायचा.

"आणि ही हवा आवरायची कोणी?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! चांगला प्रश्न!" सिद्धेशने इंजिनावरचं एक धातूचं तोंड दाखवलं. आडवं, गोल, घासूनपुसून चकचकीत केलेलं, मूठ आत जाईल एवढं. आत एक पितळी चकती उभी होती. "हे फुलपाखरू. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की तारेने ही चकती आडवी होते, हवा आत. पाय काढला की स्प्रिंगने मिटते, हवा बंद. गाडीचा सगळा लगाम म्हणजे ही चकती."

"आणि मिटली नाही तर?"

"मिटते ना. स्प्रिंग आहे." त्याने चकती बोटाने दाबून सोडली. खट्. पुन्हा दाबली. खट्. "बघा."

यशवंतरावांनी बघितलं.

चकतीचं तोंड धूळ जाऊ नये म्हणून सिद्धेशने झाकून ठेवलं. झाकायला त्याला स्वतःचा धुतलेला मोजा सापडला. आधी आत डोकावून, फुंकर मारून, मग त्याने मोजा चढवला.

तेलाच्या नळीचं जरा अडलं. पंख्याच्या दांड्याला इंजिनातलं तेल पुरवायला किटमध्ये एक जाळीदार नळी होती, ती वीतभर तोकडी पडली. सिद्धेश बाउमार्क्टमध्ये गेला, बांधकामाचं सगळं सामान मिळतं त्या दुकानात, आणि काळी रबरी नळी घेऊन आला. ती त्याने टर्बोच्या बीडाच्या पोटाजवळून नेली आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली.

यशवंतराव खुर्चीतून पुढे झुकले. "ही तापणार नाही ना हो?"

"छे. दोनशे डिग्रीपर्यंत गॅरंटी आहे."

"आणि हे बीड किती तापतं?"

"आठशे. कधी कधी थोडं जास्त."

 भुवया नसलेला गृहस्थ फोनवर हसत होता. जावयाबरोबर हिशेब घालायचा नसतो, म्हणून यशवंतराव पुन्हा मागे टेकले आणि थंड झालेली कॉफी पीत राहिले.

शेजारचे हेर फोग्ट याच सुमारास कुंपणापाशी उगवत. त्या भागात पाळीपाळीने समोरचा रस्ता झाडायची पद्धत आहे; हेर फोग्ट आपली पाळी नसतानाही झाडत. झाडता झाडता थांबत, झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकत आणि गॅरेजात बघत एकच शब्द विचारत: "आइनगेट्रागेन?"

"काय म्हणतात?"

"नोंद केली का, असं विचारतायत. इथे गाडीत काही बदललं की तपासून घेऊन कागदांवर चढवावं लागतं."

"मग, केलीत?"

"आधी चालू तर होऊ दे, बाबा."

"आणि तोवर विमा?"

"टेक्निकली," सिद्धेश पान्यावर जोर देत म्हणाला, "नाहीये."

दावे विभागातल्या माणसासमोर हे वाक्य बोलणं म्हणजे कीर्तनकारासमोर देव नाही म्हणण्यासारखं होतं. यशवंतरावांनी हेर फोग्टांकडे पाहिलं. हेर फोग्टांनी यशवंतरावांकडे पाहिलं. एकमेकांची भाषा येत नसलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांचं सगळं कळलं. मग हेर फोग्ट पुन्हा झाडू लागले. त्यांनी तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तक्रार करणारा शेजारी म्हणजे अजून आशा आहे. हे गृहस्थ नुसतं झाडत होते, जसं काही कार्य उरकल्यावर झाडतात.

*

त्या आठवड्यात जेवताना सिद्धेशने जाहीर केलं की कळा सुरू झाल्या की उर्जाला हॉस्पिटलात याच गाडीतून न्यायचं.

"आणि बाळाला घरी आणायचं तेही याच गाडीतून. व्हॉट से, उर्जा?"

"चालेल," उर्जा म्हणाली. तिला खरंच चालणार होतं. ती नवऱ्यावर विश्वास ठेवणारी होती आणि हे तिला बापानेच शिकवलं होतं.

यशवंतरावांचा घास हातात राहिला. त्यांचं मागणं फार नव्हतं. गाडी सिद्धेशने चालवावी, आपटावी, सोनं लावून मढवावी. उर्जा तिच्यात बसू नये, एवढंच. त्यांनी तोंड उघडलं. टेबलाखालून मालिनीबाईंनी त्यांचा पाय दाबला आणि वरून जावयाला आमटी वाढली.

रात्री ते म्हणाले, "अगं, ती गाडी बरी नाही."

"मग पूजा करू," मालिनीबाई म्हणाल्या. "वाहनाची पूजा केल्याशिवाय मी लेकीला बसू देणार नाही."

यशवंतरावांना हे मागणं कुठल्याही पॉलिसीत बसवता येईना. पण विरोध करायलाही कारण नव्हतं. निदान पूजेला उशीर होईल, अशी त्यांनी आशा केली.

उशीर झाला नाही. पुढच्या शनिवारी सकाळी सगळं जोडून झालं होतं. चकतीचं ते चकचकीत तोंड आणि त्याला बसायची निळी रबरी कोपरी, हवा आणणारी वाकडी नळी, एवढंच उरलं होतं. सिद्धेश गाडीखाली शिरून कुठलासा बोल्ट आवळत होता. मालिनीबाई तबक घेऊन आल्या. पुण्याहून आणलेलं हळदकुंकू, तांदूळ, चाकाखाली ठेवायला लिंबू आणि गणपती म्हणून पुजायला एक चिकणी सुपारी.

"उघडा तो टप," त्या म्हणाल्या. बॉनेट उघडंच होतं. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचं तोंड आंबलं. "हे काय? देवाच्या जागी मोजा?"

"आई, ती देवाची जागा नाहीये," गाडीखालून सिद्धेश म्हणाला.

"गोल आहे, स्वच्छ आहे, पूर्वेला तोंड आहे. कोनाडा म्हणतात याला. राहा बाई तुम्ही लोक असेच." त्यांनी मोजा काढला, चार अक्षता ठेवल्या आणि सुपारी त्या तोंडात बसवली. पितळी चकतीच्या पुढ्यात सुपारी खरंच शोभून दिसत होती. एखाद्या पिढीजात देवघरात नसेल इतकी.

यशवंतराव निरांजन पेटवायला काडेपेटी शोधत घरात गेले. त्या घरात सगळी विजेची उपकरणं, त्यामुळे काडेपेटी मिळायला वेळ लागला. परत आले तेव्हा मालिनीबाई हात जोडून उभ्या होत्या. आरती झाली. गाडीखालून सिद्धेशने दोन पाय हलवून टाळ धरल्यासारखं केलं. नंतर यशवंतरावांनी वाकून पाहिलं तर गोल तोंडावर मोजा पुन्हा चढलेला होता.

"सुपारी घेतलीस का?"

"माझी पूजा मी बघते," मालिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या विम्याचं बघा."

सिद्धेश बाहेर आला. हात पुसत त्याने मोजा ओढून काढला आणि दुसऱ्या हाताने निळी कोपरी सरकवून आवळली. आत पाहिलं नाही. मोजा चढवताना त्याने आत पाहिलं होतं, फुंकर मारली होती, सगळं स्वच्छ होतं. मोजा आपोआप चढला नव्हता. तो त्याने स्वतः चढवला होता. तेव्हा आता बघायचं काही कारणच नव्हतं.

किल्ली फिरली. भिंतीवरचे पाने थरथरले, समोरच्या घराच्या खिडकीतल्या कुंडीतून माती सांडली. सिद्धेशने ॲक्सिलरेटर एकदा खोल दाबून सोडला. आवाज चढला. उतरायला हवा होता तेव्हा क्षणभर तिथेच, वर, रेंगाळला, मग अडखळून खाली आला.

"हे असं व्हायचं असतं का?" यशवंतरावांनी विचारलं.

"ट्यूनिंग, बाबा. फिरवली की सेट होईल." सिद्धेशचे डोळे चमकत होते. "चला सगळे. हॉस्पिटलपर्यंत रिहर्सल. गाडी भरलेली असेल तरच खरी टेस्ट."

"उर्जाला कशाला? मी बसतो. मी तिच्याइतका जड आहे."

"बाबा," उर्जा म्हणाली. त्या एका शब्दात विमानतळ, ड्रिल मशिन आणि न जेवलेला जावई, सगळं आलं.

यशवंतराव मुकाट्याने सीट वाकवून मागे शिरले, त्यांच्यामागून मालिनीबाई. सीट पुन्हा सरळ झाली आणि उर्जा पुढे बसली. सिद्धेशने इंजिनाला जोडलेला लॅपटॉप तिच्या पायाशी ठेवला. हेर फोग्टांनी झाडू थांबवला. त्यांनी गाडीला हात केला नाही; टोपी काढली.

*

मळ्यांमधून वर चढेपर्यंत काही झालं नाही. द्राक्षांची तोडणी चालू होती. टोपल्या पाठीला लावलेली माणसं रांगांतून वर-खाली करत होती आणि गाडीचा आवाज ऐकून मान वळवत होती. पठारावर हलकं धुकं. तिथे मोठा रस्ता लागला. सरळ, मोकळा, आणि टोकाला दरीकडे उतरणारी वळणं.

"रेडी?" सिद्धेश म्हणाला आणि त्याने पाय दाबला.

यशवंतरावांची पाठ सीटला चिकटली. पुढे कुठेतरी एक शिट्टी सुरू झाली, बारीक, लांबलचक, आपल्याच नादात वाजणाऱ्या प्रेशर कुकरसारखी. झाडं मागे पळाली. उर्जा आधी हसली. मग तिने पोटावर हात ठेवला.

"बास, सिद्धेश. हळू."

"हो."

शिट्टी थांबली नाही.

"सिद्धेश, हळू म्हटलं ना."

"पाय काढलाय मी."

"काय?"

"ॲक्सिलरेटरवर पाय नाहीये माझा." तो फार हळू आवाजात बोलला. त्याने ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली केलं, गुरगुरली आणि तरीही ओढत राहिली. काहीतरी जळल्याचा वास आला. धुक्यातून, पुढच्या वळणाच्या अलीकडे, द्राक्षांनी भरलेली ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर दिसू लागला.

"घाबरू नका," मालिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "बाप्पा आहेत आत."

यशवंतरावांनी मान वळवली. "कुठे आत?"

"त्या कोनाड्यात. मी हलवलंच नाही त्यांना. उलट बोटाने जरा आत सारलं. म्हटलं, बाळ घरी येईपर्यंत बसू देत."

यशवंतरावांना सगळं एकदम दिसलं, जसं ते फायलीचं शेवटचं पान उलटल्यावर दिसायचं. चकती आडवी झाली, हवेच्या जोराने सुपारी पुढे सरकली, कडेला अडकली. आता स्प्रिंग सुपारी चावत होती. फुलपाखरू मिटत नव्हतं.

"अहो सिद्धेशराव," ते म्हणाले, "आपल्याला योग्य वाटत असेल तर, जरा किल्ली—"

"बाबा, प्लीज, एक मिनिट! मी विचार करतोय!" सिद्धेश ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला होता. "हे बूस्टचं, टर्बोच्या दाबाचं आहे. उर्जा, लॅपटॉप उघड! लॉगमध्ये लाल काय दिसतंय बघ!"

"लॅपटॉप कसला उघड? न्यूट्रल कर ना!"

"न्यूट्रल केलं तर इंजिन फाटेल!"

"मी काय सुचवत होतो, सिद्धेशराव," यशवंतराव पुन्हा म्हणाले, "की आपण जर—" ट्रॉलीवरचे हिरवे घड आता वेगळे वेगळे दिसत होते. ट्रॉलीच्या मागे पिवळी पाटी होती. पुढे लेकीच्या मानेवरची केसांची बट घामाने चिकटली होती. लहानपणी ती तापाने फणफणायची तेव्हा अशीच चिकटायची. कबूल केलेलं सगळं यशवंतरावांनी गिळून टाकलं.

"सिद्ध्या!" ते ओरडले. असा आवाज त्यांनी कचेरीत शिपायालासुद्धा लावला नव्हता. "गधड्या, किल्ली फिरव! एकच टप्पा! उपटू नकोस, स्टिअरिंग अडकेल! फिरव!"

सिद्धेशला आयुष्यात कोणी सिद्ध्या म्हटलं असेल तर त्याच्या मास्तरांनी. त्याचा हात डोक्याला न विचारताच किल्लीकडे गेला आणि फिरला.

शिट्टी विझली. नुसता वारा उरला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक लाकडासारखा. सिद्धेशने दोन्ही पाय ठेवून दाबला, गाडी उजवीकडून डावीकडे गेली, कडेच्या खडीत शिरली आणि मळ्याच्या दगडी बांधाला लागून थांबली. ट्रॅक्टर वळणावरून निघून गेला. चालवणाऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

*

सगळे बाहेर पडले. आधी उर्जा, मग सीट वाकवून मागची दोघं. उर्जाला मालिनीबाईंनी बांधाजवळ उभं केलं, पाणी पाजलं, पोटाला हात लावून पाहिला. बाळ आत लाथा मारत होतं, म्हणजे ठीक होतं.

सिद्धेशने बॉनेट उघडलं, फडक्याने धरून निळी कोपरी सोडवली आणि बोटं आत घातली. सुपारी निघाली. एका बाजूने चकतीने तिला चांगली चावली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला.

"सुपारी! नुसती सुपारी होती! म्हणजे माझ्या कामात काही चूक नव्हती. उर्जा, इन्स्टॉलेशन परफेक्ट होतं!" त्याने सुपारी सासूबाईंच्या हातावर ठेवली. "आई, रागावत नाही मी. पण पुढे असं नका करू." त्याने कोपरी पुन्हा बसवली, आवळली. "चला, बसा. हळू जाऊ. घरीच जाऊ."

उर्जा बांधापासून सुटली आणि दाराकडे निघाली.

यशवंतराव बॉनेटपाशी वाकले होते. जळका वास ब्रेकचा होता खरा. पण त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता, तळण करपल्यासारखा. टर्बोचं पोट आतून मंद लाल दिसत होतं. प्लास्टिकच्या पट्ट्या वितळून त्यांचे दोरे झाले होते आणि त्यांनी धरलेली काळी नळी सैल होऊन त्या पोटावर जाऊन निजली होती. तिच्या कातडीला पाणी सुटल्यासारखी चमक आली होती. त्यातून एक थेंब पडला. चुर्र झालं.

"तो ब्रेकचाच वास आहे, बाबा," सिद्धेश म्हणाला आणि त्याने बॉनेट लावलं.

यशवंतराव खिडकीतून आत वाकले, त्यांनी किल्ली ओढून काढली, खिशात टाकली आणि मळ्याच्या बांधावर, गाडीपासून बऱ्यापैकी दूर, जाऊन बसले.

"उर्जा, इकडे ये. तूही ये गं."

"बाबा, किल्ली द्या," सिद्धेश म्हणाला.

"देत नाही."

"अहो बाबा, सुपारी काढली ना आता."

"सिद्ध्या, दोनशे आणि आठशे. यातला मोठा आकडा कुठला?"

 सिद्धेश पाच-दहा पावलं त्यांच्या दिशेने आला. किल्ली मागायला आला होता, पण आला हे महत्त्वाचं.

"बाबा, तुम्ही कबूल केलं होतं," उर्जा त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. 

"केलं होतं."

"तुम्ही त्याला सिद्ध्या म्हणालात. दोनदा."

"गधड्याही म्हणालो. टॅक्सी बोलाव."

"टॅक्सी?" सिद्धेश दुखावल्या आवाजात म्हणाला. "स्वतःची गाडी समोर उभी असताना?"

सगळ्यांनी समोरच्या गाडीकडे पाहिलं. बॉनेटच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चालली होती, मघाच्या निरांजनासारखी. मग ती जाड झाली. मग बॉनेटचा रंग मध्यभागी बदलू लागला, फोड आल्यासारखा, आणि खालून नारंगी उजेड डोकावला. बटणातला दिवा पिवळा असावा की नारंगी, हे निदान या गाडीपुरतं ठरलं. आग मोठ्याने काही बोलली नाही. ती आधी पुढच्या सीटवर गेली, जिथे उर्जा बसली होती, आणि मग सावकाश मागे, जिथे दारं नव्हती.

 उर्जाने बापाचा दंड इतक्या जोरात धरला होता की त्यांना नंतर वळ दिसले. खाली दरीत अग्निशमनवाल्यांचा भोंगा वाजू लागला. त्यांना कोणी बोलावलं ते कळलं नाही, पण यशवंतरावांच्या डोळ्यांसमोर झाडूला टेकलेली एक हनुवटी आली.

मालिनीबाईंनी मूठ उघडली. चावलेली सुपारी त्यांनी पदराने पुसली आणि पेटलेल्या गाडीकडे बघत निःश्वास सोडला.

"तरी मी म्हणत होते. त्यांना बाहेर काढायला नको होतं."

यशवंतरावांनी जन्मभर कारणं तपासली होती. अमक्यामुळे तमकं झालं, हे त्यांना सही-शिक्क्यानिशी सिद्ध करता यायचं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, घटनांचा क्रम मनात लावून पाहिला, आणि मिटलं.

सिद्धेश ज्वाळांकडे एकटक बघत होता. मघाशी बॉनेटखाली वाकला तेव्हाची काजळी चेहऱ्यावर होती, तेव्हाच एक भुवई जराशी जळाली होती.  मग त्याने सावकाश, पटल्यासारखी मान हलवली.

"गेनाऊ, आई," तो म्हणाला. "पुढच्या गाडीत आतच ठेवू."

यशवंतरावांनी खिशातली किल्ली घट्ट धरली. गाडी उरली नव्हती, तरी.